झाकलेल्या सांध्याचे साक्षीदार

१२ ऑगस्ट १९८५ च्या संध्याकाळी तोक्योहून ओसाकाकडे निघालेल्या जपान एअर लाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाची शेपटीकडील दाबभिंत, म्हणजे प्रवाशांच्या दालनातील हवा आत कोंडून धरणारा घुमटाकार पडदा, उड्डाणानंतर सुमारे बारा मिनिटांनी फुटली. आतून सुटलेल्या हवेच्या झोताने शेपटीचा उभा पंख उडवून दिला, सुकाणू हलविणाऱ्या चारही जलदाब यंत्रणांतील तेल गळून गेले, आणि इंजिनांचा जोर कमीजास्त करून ते विमान हवेत राखण्याची शिकस्त वैमानिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ केली तरी अखेर ते डोंगरावर कोसळून ५२४ जणांपैकी ५२० जण प्राणास मुकले. चौकशीअंती जे कारण निष्पन्न झाले ते सात वर्षे मागचे होते. १९७८ मध्ये ओसाका येथे उतरताना याच विमानाची शेपटी धावपट्टीस घासली होती, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत दाबभिंतीचे दोन भाग जोडणारी पट्टी जशी अखंड बसवावयाची तशी न बसविता दोन तुकड्यांत बसविली गेल्यामुळे सांध्याच्या काही लांबीत रिव्हेटांच्या दोन रांगांनी वाहावयाचा भार एकाच रांगेवर येऊन पडला. सांधा बंद झाला, विमान पुन्हा कामावर रुजू झाले, आणि बारा हजारांहून अधिक उड्डाणांच्या अवधीत त्या एका रांगेच्या छिद्रांतून निघालेल्या बारीक चिरा कोणाच्याही नजरेस न येता वाढत राहिल्या.

विमाननिर्मिती आणि विद्युत्-यंत्रनिर्मिती या दोन उद्योगांतील नोकऱ्यांविषयी आपल्याकडे बोलणे निघते तेव्हा ते बहुधा पगाराचे आकडे, पदवीची नावे आणि परदेशगमनाची शक्यता यांपाशीच थांबते. परंतु तेथे काम करणाऱ्या माणसाकडून नेमके काय अपेक्षिले जाते हे समजून घ्यावयाचे तर त्या झाकल्या गेलेल्या सांध्यापासूनच आरंभ करावा लागतो. भाकरी करपली तर ती ताटात येताच कळते. विमानाच्या पत्र्याआड ठोकलेला रिव्हेट, रोहित्राच्या टाकीत तेलाखाली बुडालेले तांब्याचे वेटोळे किंवा अग्निबाणाच्या कवचाचे वेल्डिंग यांतील उणीव मात्र गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, आणि पुष्कळदा तपासनिसाच्याही हातून ती पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून या धंद्यांत कारागिराच्या हस्तकौशल्याइतकेच त्याच्या साक्षीला मोल आहे. हे मी केले, अमुक दिवशी केले आणि नकाशाबरहुकूम केले असे जो लिहून देतो त्याच्या शब्दावर पुढचे सारे काम उभे राहते. या व्यवसायांत शिरू पाहणाऱ्या मुलामुलींस आणि त्यांच्या पालकांस मला सांगावयाचे आहे ते मुख्यतः हेच.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापिली, आणि कोल्हापूरकडच्या विष्णु माधव घाटगे यांनी, जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्राचे अध्ययन करून आल्यावर, पुढे त्याच कारखान्यात एचटी-२ या प्रशिक्षण-विमानाची रचना केली. ऑगस्ट १९५१ मध्ये ते आकाशात गेले. घाटगे यांचे नाव आपल्या शाळांतून जितके ऐकू यावयास हवे तितके येत नाही याची मला मनापासून खंत वाटते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना मिग विमानांच्या निर्मितीची वाटणी झाली तेव्हा इंजिन ओडिशातील कोरापुटकडे, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादकडे आणि विमानाचा सांगाडा व जुळणी नाशिकजवळच्या ओझरकडे आली. तेथून मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या, मग मिग-२७, मग सुखोई-३० अशा क्रमाने विमाने बाहेर पडत गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरलाच जुळविलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात गेले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे अग्निबाणांची पोलादी कवचे घडतात, मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात अग्निबाणाचे विकास इंजिन तयार होते, आणि नागपूरच्या मिहान परिसरात बोइंग ७८७ विमानाच्या तळाच्या तुळया कार्बनतंतूंपासून बनविल्या गेल्या आहेत. विद्युत्-उद्योगाची परंपरा याहूनही मागे जाते. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली, त्या विजेने मोटारी, रोहित्रे व स्विचगिअर यांची मागणी निर्माण केली, आणि कालांतराने कांजूरमार्ग, कळवा, ऐरोली, तसेच नाशिकचे सातपूर व अंबड या ठिकाणी ती यंत्रे येथेच घडू लागली.

यांपैकी रोहित्राचे काम मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण विमानाला जे आकर्षण आहे ते त्याच्या वाट्याला येत नाही, आणि कसोटी मात्र तितकीच कठोर आहे. रोहित्राच्या अंतर्भागात काहीच फिरत नाही. जाड पोलादी टाकीत तेल, तेलात पोलादी पत्र्यांचा गाभा आणि गाभ्याभोवती कागदात गुंडाळलेल्या तांब्याची वेटोळी, एवढाच त्याचा संसार. परंतु गाभ्याचा एकेक पत्रा पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, त्याचे चुंबकीय गुण एका विशिष्ट दिशेनेच उत्तम असतात, आणि म्हणून कोपऱ्यावर चुंबकप्रवाह वळतो तेथे पत्रे ४५ अंशांत तिरपे कापून एकमेकांत बसवावे लागतात; कापताना कडेला बारीक कंगोरा राहिला तर शेजारचे पत्रे परस्परांस चिकटून त्यांत नको ते प्रवाह फिरतात आणि गाभा त्या ठिकाणी तापू लागतो. वेटोळे गुंडाळणाऱ्या वाइंडरचे काम त्याहून नाजूक. समांतर चालणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांची जागा ठरलेल्या अंतरावर अदलाबदल करावी लागते, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सारखा प्रवाह येतो. ही अदलाबदल करताना पट्टी वाकवावयाची, पण तीवरील कागद फाटू द्यावयाचा नाही, आणि फाटलाच तर तो कोणी पाहिला नसला तरी सोडवून पुन्हा गुंडाळावयाचा. मोठ्या रोहित्राच्या एका वेटोळ्यास कित्येक दिवस लागतात. ते पुरे झाल्यावर शेवटच्या थराखालचा कागद कसा आहे हे ते गुंडाळणाऱ्यावाचून कोणालाही ठाऊक नसते.

मग येते सुकविण्याची पायरी, जी मला या साऱ्या विद्येचे अंतःकरण वाटते. साधा कागद हवेतील ओलावा धरून ठेवतो, त्याच्या वजनाच्या शेकडा सहा ते आठ भाग पाणीच असते, आणि हे पाणी शेकडा अर्ध्याच्या खाली आणल्यावाचून तो कागद उच्च विद्युत्-दाबापुढे टिकत नाही. त्यासाठी गाभा व वेटोळी मिळून संपूर्ण जुळणी बंद भट्टीत ठेवून रॉकेलसारख्या द्रवाच्या तप्त वाफेने तापवितात, हवा खेचून घेतात, आणि बाहेर येणारे पाणी थेंबाथेंबाने मोजीत राहतात. ते येईनासे झाले म्हणजे जुळणी बाहेर काढून, ती पुन्हा हवेतला ओलावा पिण्यापूर्वी, सारे बोल्ट आवळून टाकीत उतरवितात आणि निर्वातात तेल भरतात. या घाईच्या तासांत कोणती व्यक्ती पाळीवर आहे यावर त्या यंत्राचे पुढील तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते, कारण वेटोळ्याच्या अतितप्त जागी साधारणतः सहा अंश सेल्सिअस तापमान वाढले की कागदाचे झिजणे दुप्पट वेगाने होते, आणि राहून गेलेले पाणी ती झीज आणखी वाढविते. शेवटी चाचणीच्या दालनात कृत्रिम वीज पाडली जाते: विद्युत्-दाब एक पूर्णांक दोन दशांश मायक्रोसेकंदात शिखरास जातो, पन्नास मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो, आणि चारशे किलोव्होल्टच्या वर्गातील रोहित्रास ते शिखर १३ लाख व्होल्टांच्या घरात असते. कमी दाबाच्या आणि पूर्ण दाबाच्या धक्क्याने पडद्यावर उमटलेल्या दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर यंत्र उत्तीर्ण; जराशी फारकत दिसली तर टाकी उघडून, तेल काढून, थर उलगडीत दोष शोधावा लागतो. चाचणी-अभियंता हे पद विद्युत्-शाखेच्या बुद्धिमान पदवीधरास कोणत्याही संगणक-कचेरीतील खुर्चीहून अधिक शिकविणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विमानाच्या सांगाड्याचे काम याच जातीचे, पण तेथे शत्रू ओलावा नसून धातूला येणारा शीण आहे. विमान वर जाताना दालनातील दाबाने पत्रा फुगतो, खाली येताना सैलावतो, आणि हजारो वेळा असे घडले की ताण जेथे एकवटतो तेथून चीर निघते. १९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट विमाने हवेत फुटल्यावर फार्नबरो येथे अशाच विमानाचे अख्खे धड पाण्याच्या हौदात ठेवून पुनःपुन्हा दाब देऊन पाहण्यात आले, तेव्हा जगाला हे नीट उमगले. ताण एकवटण्याची अगदी सामान्य जागा म्हणजे रिव्हेटसाठी पाडलेले छिद्र. म्हणून छिद्र पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुपटीइतके आत असावे, ते पत्र्याशी काटकोनात असावे, त्याच्या काठावरचा कंगोरा काढलेला असावा, आणि ठोकल्यावर मागील बाजूस तयार होणारे डोके व्यासाच्या सुमारे दीडपट रुंद व निम्मे उंच भरावे, असे शिरस्ते आहेत. एक जण बाहेरून ठोकतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवून धरतो, आणि दोघांचा मेळ न बसला तर डोके वाकडे होते.

आता अशी कल्पना करावी की फिटरच्या हातून ड्रिल घसरले आणि छिद्र मोठे झाले. येथे त्याच्यासमोर दोन वाटा असतात. छिद्रात रिव्हेट ठोकून डोके वरून सुबक दिसेल असे करता येते, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर दुसरा पत्रा चढून सर्व काही झाकलेही जाते. दुसरी वाट म्हणजे काम थांबवून, त्या जागी खूण करून, माप घेऊन वर्दी देणे. मग तपासनीस येतो, कागद संकल्पन-विभागाकडे जातो, आणि तेथील अभियंता ताणाचा हिशेब करून कळवितो की एक माप मोठा रिव्हेट चालेल, किंवा जोडपट्टी लावा, किंवा भागच बाद करा. यास कारखान्यात कन्सेशन म्हणतात, आणि त्याची नोंद त्या विमानाच्या दप्तरात ते मोडीत निघेपर्यंत राहते. वर्दी देणाऱ्यास शिक्षा होऊ नये, लपविणाऱ्यास मात्र कोणतीही गय मिळू नये, हा या उद्योगाचा मूलभूत न्याय आहे. जेथे पर्यवेक्षक वर्दी देणाऱ्याच्या अंगावर ओरडतो तेथे पुढच्या वेळी छिद्र झाकले जाणार हे निश्चित समजावे. हीच शिस्त हत्यारांस लागू असते. प्रत्येक पान्याला क्रमांक, प्रत्येकाची फळीवर आकृती काढून ठरविलेली जागा, आणि पाळी सुटताना एक जरी जागा रिकामी दिसली तरी ते हत्यार सापडेपर्यंत विमान पुढे सरकत नाही. रोहित्राच्या टाकीत उतरणारा कामगारही खिसे रिकामे करून, अंगठी व घड्याळ बाहेर ठेवून आणि हत्यारे दोरीने बांधूनच उतरतो.

ज्या कामाचा निकाल नंतरच्या तपासणीने पूर्णपणे सिद्ध करता येत नाही अशा कामांस विमान-उद्योगात विशेष प्रक्रिया हे नाव आहे: वेल्डिंग, धातूस उष्णता देऊन कणखर करणे, मुलामा चढविणे, तंतुमिश्रित पदार्थ भट्टीत पक्व करणे या त्यांतील प्रमुख. तेथे वस्तूची परीक्षा पुरेशी नसल्यामुळे माणसाची, भट्टीची आणि कृतीची परीक्षा आधीच घेतली जाते, आणि ठरावीक मुदतीने पुन्हा घेतली जाते. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग नावाच्या विशेष पोलादाचे असते. त्याच्या जोडाची क्ष-किरणांनी आणि ध्वनिलहरींनी छाननी होते. या छाननीतून एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे, तो म्हणजे वस्तू न मोडता तिच्या अंतरंगाची तपासणी करणाऱ्यांचा. रंगद्रव्य झिरपवून पृष्ठभागाची चीर पाहणे, लोखंडी वस्तूवर चुंबकीय चूर्ण पसरून पाहणे, ध्वनिलहरी, क्ष-किरण व भोवरा-प्रवाह अशा त्याच्या पद्धती आहेत आणि कामगाराच्या अधिकाराच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा माणूस सांगितलेली चाचणी करतो, दुसऱ्या पायरीवरचा तिचा अर्थ लावून वस्तू पास किंवा नापास ठरवितो, तिसऱ्या पायरीवरचा पद्धतच लिहून देतो. अशा तपासनिसाच्या स्वतःच्या दृष्टीची दरवर्षी परीक्षा होते. पदविकाधारकास, आणि कष्टाळू आयटीआय-उत्तीर्णासही, येथे फार दूरवर जाता येते, तरीही ही वाट शाळांतून कोणी दाखवीत नाही.

वीज आणि विमान यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती वायरिंगच्या विभागात. लांबलचक फळीवर नकाशा चिकटवून त्यावर तारांची जुडी रचतात, प्रत्येक तारेवर क्रमांक असतो, टोकाला धातूची नळी दाबून बसवितात आणि नमुन्याची तार ओढून ती किती जोराला सुटते हे पाहतात. या विभागात स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात, वेटोळी गुंडाळण्याच्या कामावरही दिसतात. मात्र पर्यवेक्षकाच्या मेजापर्यंत त्यांतील थोड्याच पोहोचतात, आणि हा अन्याय दूर होणे उद्योगाच्याच हिताचे आहे.

प्रवेशाच्या वाटांविषयी आता थोडक्यात. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर, मशिनिस्ट व इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, आणि वेल्डर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे; त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करता येते. तंत्रनिकेतनाची पदविका तीन वर्षांची असून आयटीआय करून आलेल्यास तिच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविका घेतलेल्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट बसता येते, म्हणजे खालच्या पायरीवरून निघालेल्यास वरची दारे बंद नाहीत. पदवीचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: विमानाच्या कारखान्यात विमानविद्येच्या पदवीधरांपेक्षा यंत्र, विद्युत्, धातू व इलेक्ट्रॉनिकी या शाखांच्या पदवीधरांस अधिक काम असते, आणि ज्याला उड्डाणशास्त्राचीच ओढ आहे त्यानेच त्या खास पदवीकडे वळावे. विमानांची देखभाल करणाऱ्या अभियंत्याचा व्यवसाय निराळा. त्याची सनद नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि त्यासाठीच्या संस्थाही निराळ्या आहेत. तिचा आणि अभियांत्रिकी पदवीचा घोटाळा करून पालक मोठी फी भरून बसतात.

या व्यवसायांची उणी बाजूही सांगितली पाहिजे. शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन तुटपुंजे असते, आणि काही ठिकाणी त्याला शिकविण्याऐवजी स्वस्त मजूर म्हणून राबवून मुदत संपताच निरोप दिला जातो. कायम नोकऱ्या घटून कंत्राटी नेमणुका वाढल्या आहेत. ज्या माणसाच्या सहीवर तीस वर्षांचा भरवसा ठेवावयाचा त्याला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवणे हा व्यवहार मला केवळ अनुदार नव्हे तर धोक्याचा वाटतो, कारण उद्या नसणाऱ्यास आजची चूक कबूल करण्याचे बळ कोठून यावे? मोठ्या कारखान्यांचे भाग बनविणाऱ्या सातपूर-अंबडच्या छोट्या शेडमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथील मालक अनेकदा स्वतःच उत्तम कारागीर असतात, पण प्रमाणपत्रांचा खर्च आणि उशिरा मिळणारे पैसे यांच्या कात्रीत माणसे टिकवून धरणे त्यांना जड जाते.

तरीही ज्या मुलाला माप चुकले की अस्वस्थ वाटते, ज्या मुलीला नकाशावरील तीन दृश्यांवरून वस्तू डोळ्यांपुढे उभी करता येते, त्यांनी या वाटेने अवश्य जावे, आणि संस्था निवडताना माहितीपत्रकापेक्षा तिची कार्यशाळा पाहावी. लेथखालच्या तबकात ताजा चुरा आहे की धूळ, मायक्रोमीटरच्या मुठी हाताने गुळगुळीत झाल्या आहेत की ते अजून डब्यात तेल लावून जपलेले आहेत, शिक्षकाच्या नखांत काळेपणा आहे की नाही, हे पाहण्यास कोणाची परवानगी लागत नाही. मुलांनी बिघडविलेले जॉब कोठे ठेवले आहेत हे मुद्दाम विचारावे. ते फेकून दिले असे सांगण्यात आले तर दुसरी संस्था पाहावी. आणि कपाटात ते ओळीने मांडलेले असतील, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली असेल आणि चिठ्ठीवर हवे होते ते माप, आले ते माप व चुकीचे कारण ज्याचे त्याने स्वतःच्या अक्षरात सही करून लिहिलेले असेल, तर प्रवेशाचा अर्ज त्याच दिवशी भरावा.